श्वास रोखा

वाळवंटाला निघायच्या आधी एक सराव हवा
म्हणून नोशीरनं आम्हा सहा जणांना
भांडुपच्या मिठागरावर बोलावलं, पहाटे साडेपाचला.
जानेवारी. अठरा अंश. सगळ्यांच्या अंगात
जैसलमेरसाठी घेतलेली नवी जाकिटं, घाम फुटेस्तोवर.

एक सीए. दहिसरचं दातांच्या डॉक्टरांचं जोडपं.
दोन पोरं, ज्यांच्या एकेका लेन्सपुढे
माझी ग्रॅच्युइटी खाली मान घालून बसली असती.
आणि मी, एक्स-रे टेक्निशियन, एकतीस वर्षं,
परळ, तळमजला, खोली नंबर नऊ,
खिडकी नसलेली.

तिकडे वाळू असेल, इथे मीठ, नोशीर म्हणाला,
कॅमेऱ्याला फरक कळत नाही.
पांढरं जास्त झालं की तो घाबरतो,
सगळं करडं करून टाकतो. त्याला धीर द्या.

पांढऱ्याचं मला नका सांगू.
पांढरं म्हणजे हाड.
पांढरं म्हणजे पाणी,
जिथे हवा असायला हवी होती तिथे.

मग सूचना. मुलुंडचे टॉवर टाळा.
विजेच्या तारा टाळा. हायवे डावीकडे ठेवा, बाहेर.
कुणी माणूस आलाच मध्ये तर थांबा,
जाऊ द्या त्याला.
मुंबईत एवढंसं वाळवंट करायचं तर
किती जणांना बाजूला सरका म्हणावं लागतं!

उजाडलं. चौकोनांतलं पाणी आधी शिशासारखं,
मग कोवळ्या आंब्याच्या आतल्या रंगाचं.
बांधांच्या ओळी बरगड्यांसारख्या
लांबवर गेलेल्या, बारीक होत.
मी ट्रायपॉडवर वाकले
आणि कानाशी नोशीर पुटपुटला,
"सुमंगलबाई, श्वास रोखा, मग हलकेच दाबा."

मला हसू आलं. हात हलला. फोटो गेला.
ते वाक्य माझं होतं.
दिवसाला ऐंशी वेळा, मराठीत, हिंदीत,
मोडक्या गुजरातीत, काचेमागून:
घ्या. रोखा. हलू नका. सोडा.
कुणी मला कधी म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात तो आला, फावडं खांद्यावर,
गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला.
बाकीचे थांबले, तो जाईल म्हणून.
तो गेला नाही. माझ्यासमोर उभा राहिला.
"फोटो काडताव?"
हो, म्हटलं. उभे राहा असेच.
आणि सवयीनं, देवाशपथ सवयीनं, तोंडातून गेलं,
श्वास घ्या. रोखा.

त्यानं फावडं खाली ठेवलं.
माझ्याकडे पाठ केली.
हात कमरेवर उलटे, कोपरं पुढे,
हनुवटी वर, एका न दिसणाऱ्या प्लेटला टेकवलेली.
अगदी बरोबर. खांदे सुद्धा सोडलेले,
जे मी जाऊन हातांनी पुढे ढकलायचे लोकांचे.
शिवडीला काढला असणार. एकदा नाही, बऱ्याचदा.

त्याच्यापलीकडे मीठ, मीठ, मीठ,
आणि धुक्यात बुडालेली खाडी.
मी दाबलं.
मागून नोशीर, "माणूस आला हो फ्रेममध्ये,"
आणि मी त्याच्याशी दोन शब्द बोलत बसले,
असू दे, वगैरे,
आणि तो तसाच.
पाठमोरा. रोखून धरलेला.

"सोडा!" मी ओरडले.
त्यानं सोडला. खोकला.
वळून विचारलं, "काय दिसला?"

खोली नंबर नऊमध्ये याचं उत्तर ठरलेलं असे.
रिपोर्ट डॉक्टर सांगतील. पुढचे.
ज्यांच्या फिल्मवर मला दिसलेलं असायचं
त्यांनाही तेच, त्याच आवाजात,
पुढचे.

इथे पुढचे कुणी नव्हते.
मी कॅमेरा त्याच्या हातात दिला.
ओल्या बोटांनी धरू नका, म्हणणार होते, नाही म्हटलं.
त्यानं उन्हाकडे पाठ करून
पडद्यावर स्वतःची सावली पाडली
आणि बराच वेळ बघत राहिला,
डॉक्टर बघतात तसं, डोळे बारीक करून.
स्वतःकडे नव्हतं लक्ष.

"त्या कोपऱ्यान," तो म्हणाला, "बांध झिरपतंय,"
आणि फावडं उचलून
भराभर तिकडे निघाला.